डब्यात चिठ्ठी नसलेलं घर

आमच्या शाळेत आठवड्याला एक तास धर्मांच्या ओळखीचा असावा, म्हणून मी मुख्याध्यापिकांचं, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंचं, सहा महिने डोकं खाल्लं. शेवटी त्या म्हणाल्या, "घ्या. पण एका जरी पालकाची तक्रार आली, तर तो तास गणिताला."

मी हवेतच. संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ असला पाठांतराचा तक्ता मला नकोच होता. माझी शक्कल अशी, की मुलांनी डब्यातून चिठ्ठी उचलायची, वर्गातल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाच्या घरी रविवारी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: तुमच्याकडे हे असं का करतात?

सोमवारी वर्गात नुसता धिंगाणा. एकीला वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, इतकी आवडली होती, की तिने अख्खा वर्ग नळावर रांगेत उभा केला. एकाने जैन मित्राकडे दिवस मावळायच्या आत जेवून, घरी येऊन पुन्हा जेवल्याचं प्रामाणिकपणे कबूल केलं. हसून हसून मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते.

तेवढ्यात एका मुलीची आई दारात आली. शहराबाहेर मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा मळा आहे.

"मॅडम, तक्रार हाय."

मोठ्या बाई तिच्या मागेच उभ्या होत्या.

"आमच्याकडं कोणीच आलं नाय. मी अंगण सारवून, पुरणपोळ्या करून दिवसभर वाट बघत बसले."

डब्यात चिठ्ठ्या होत्या त्या मुसलमान, जैन, ख्रिस्ती, शीख आणि बौद्ध घरांच्या. हिंदूंचं सगळ्यांना माहीतच असतं, असं मी धरून चालले होते. तसं बोलूनही गेले.

"आमचा देव काय समद्यांना पाठ हाय का?"

"मला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या ख्रिस्ती. इतकी वर्षं शाळेतल्या गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या, पण कोणी त्यांना काही समजावून सांगितलं नव्हतं. "पोळ्या उरल्यात का?"

शाळा सुटल्यावर माझ्या स्कूटरवरून द्वारका चौकातल्या गर्दीतून वाट काढत मी आणि मोठ्या बाई त्यांच्या मळ्यात पोहोचलो. पहिल्या तोड्याची फुलं त्या घरचे विकत नाहीत, बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला वाहतात. मोठ्या बाईंनी शहाण्या विद्यार्थिनीसारखं विचारलं, का?

"ठाऊक नाय," मुलीची आई म्हणाली. "सासूबाई करायच्या. मॅडमना म्हाईत असंल की."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मला माहीत नव्हतं.

"पुढच्या रविवारी," मोठ्या बाई पोळीवर तूप घेत म्हणाल्या, "डब्यातली एक चिठ्ठी तुम्हीही उचला."