लोकरीचं फडकं

नेकनूरच्या पहिल्या गाडीनं पुतण्या आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं. "काकू, मोठी काकू गेली," एवढंच म्हणाला. त्याला आत ये म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई. वय झालं होतं, डोळ्यांनी दिसत नव्हतं, सगळं खरं... पण ती बाई कधी जाईल असं मला वाटलंच नव्हतं. याला आता महिना होत आला. बीडच्या घरात बसून हे लिहितेय, मधूनच रडू येतंय, त्याला माझा इलाज नाही.

मी लग्न होऊन शिरूरहून नेकनूरला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी बारा वर्षांची होते. आईविना वाढलेली पोर, हाताला कसलं म्हणून वळण नाही. त्यात सासूबाईंचं सोवळं भलतं कडक. मोठं पातेलं चुलीवरून उतरवायला सांडशी पुरत नसे, दोन्ही हातांत फडकं धरूनच ते उचलावं लागे. फडकंही सोवळ्यातलं हवं, म्हणजे धुतल्यावर कुणाचा हात न लागता वाळलेलं. पावसाळ्यात ते वाळणार कुठून? मग ओलंच घ्यायचं. ओल्या फडक्यानं तापलेलं पितळ एकदा धरून बघा, वाफ हाताला कशी चावते ते कळेल. बायका मग पदरानंच धरायच्या, आणि पदर पेटायला कितीसा वेळ लागतो?

पितृपंधरवड्यात आमच्याकडे श्राद्ध होतं. पानं मांडली होती, ब्राह्मण बसले होते, आणि माझ्या हातून कढीचं अख्खं पातेलं निसटलं. निम्मी कढी चुलीत, निम्मी माझ्या पायावर. सासूबाईंनी आधी पानं उरकून घेतली. मग म्हणाल्या, "अष्टमीचा नैवेद्य उतरवून दाखव. फिरून सांडलंस तर दसऱ्याला तुझ्या बापाला बोलावते. वळण लागल्यावर परत आणायचं बघू." दसऱ्याला माहेरी जायचं म्हणून मी मनातून खूषच झाले की! जाऊबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तो का पडला ते मला तेव्हा कळलं नाही.

जाऊबाई युसूफ वडगावच्या, पण त्यांचे वडील निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात होते. त्यांची बदली औरंगाबादला झाली तेव्हा छावणीजवळच्या एका शेजारणीनं जाऊबाईंना विणकाम शिकवलं होतं. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी सुयांना हात लावला नव्हता, विणायचं तरी कुणासाठी? त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी आमच्या रानात धनगराची मेंढरं बसली होती. जाऊबाई धनगरणीकडून घोंगडीच्या लोकरीचं सूत मागून घेऊन आल्या. मोडक्या छत्रीच्या दोन काड्या दगडावर घासल्या आणि दुपारी मागच्या पडवीत विणायला बसल्या. पहिलं फडकं सैल झालं, जाळीतून चटका लागायला लागला. सगळं उसवलं. दुसरं घट्ट विणलं आणि रिठ्याच्या गरम पाण्यात घालून असं चोळलं की ते आकसून चांगलं जाड झालं. मला भारी मजा वाटत होती. मी विचारलं, "जाऊबाई, येवढं कावून करता वो?" तर म्हणाल्या, "गप बस अन् पातेलं धरून दाखव." मग रोज दुपारी उकळत्या पाण्याचं पातेलं उतरव, परत चढव, परत उतरव. मला अगदी वैताग आला होता.

अष्टमीला सासूबाईंनी ते फडकं बघितलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. "हे चिंधूक माझ्या सोवळ्यात न्हाई चालायचं."

जाऊबाई सासूपुढं मान वर करून कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "आत्याबाई, तुमच्या अंगावरची धाबळी लोकरीचीच हाय. ती सोवळ्यात चालती, मग हे कावून चालत न्हाई?"

सासूबाईंनी अंगावरची धाबळी चाचपली. फडकं हातात घेतलं, चुरगाळलं, आणि स्वतःच वरणाचं पातेलं धरून उतरवलं. खाली ठेवल्यावर बराच वेळ फडकं हातातच होतं. "आमाला न्हाई दिलं कुनी असं," एवढं म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. पुरणाचं, कटाच्या आमटीचं, भाताचं, सगळी पातेली मी उतरवली. थेंब सांडला नाही.

दसऱ्याला वडील सोनं द्यायला आले, श्राद्धाचं ऐकून मला न्यायच्याच तयारीनं. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "पोरगी ऱ्हाऊ द्या. हाताला गुण हाय." वडील जेवून एकटेच निघाले आणि मी मागच्या पडवीत जाऊन हंबरडा फोडला. मला जायचं होतं ना माहेरी! जाऊबाई शेजारी येऊन बसल्या. मला रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण गोदा अशीच गेलती दसऱ्याला. वळण लागल्यावर बोलावतो म्हणले. नवऱ्यानं दुसरी केली. ती अजून हाय भावाच्या चुलीपाशी." माझं रडं तिथल्या तिथं थांबलं.

त्यानंतर जाऊबाईंनी मलाही विणायला शिकवलं, पण दरवर्षीची दोन फडकी त्या स्वतःच विणायच्या. एक आमच्या चुलीला, एक वडगावला गोदासाठी. दिसेनासं झालं तरी बोटांनी टाके चाचपून विणायच्या. मी बीडला आले तरी माझं फडकं कधी चुकलं नाही.

तेराव्याला गोदामावशी वडगावहून आल्या. पाठीत वाकलेल्या, काठी टेकत. आमची पहिलीच भेट. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उताणे करून तळवे बघू लागल्या. मला वाटलं, आता ही बाई रडणार. माझ्या वाट्याला आलं ते तिला मिळालं नव्हतं, मी तिच्या डोळ्याला डोळा तरी कसा देणार?

"अक्का सांगायची तुझं," त्या म्हणाल्या. "तू ऱ्हायलीस. लई बरं झालं बाई."

मी त्यांचे हात घट्ट धरले. कसंबसं म्हटलं, "मावशी, यंदाचं फडकं मी पाठवते."

"पाठव," त्या म्हणाल्या. "जरा जाड विण. भावाच्या नातसुना नव्या हायत."