पाच वेळा ब्याऐंशी

नामदेवने कंपनीला फसवलं, असं कागदावर आहे. ते खोटं आहे. फसवलं मी — आणि नामदेवलाच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

माझा बाप पेणच्या खाडीकडच्या मिठागरावर राबायचा. मी रेडिओ दुरुस्त करत करत कंट्रोल पॅनल बनवायला शिकलो — कुणाच्या मेहेरबानीने नाही. नव्वदच्या दशकात रोह्याच्या कंपन्यांना मायक्रोप्रोसेसरवाली पॅनलं लागू लागली आणि पेणच्या माझ्या गाळ्यात मी ती बनवू लागलो. घासाघीस करण्यात मला कुणी हरवलं नाही. राग मात्र नाकावर. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी रागाच्या आड लपायला बघेन.

प्रत्येक पॅनलसाठी एक तक्ता करावा लागे. त्यात दर सेन्सरची एक ओळ — नाव, वायर कुठे जोडली, तापमान कुठून कुठपर्यंत. आणि शेवटचा रकाना : बिघाड आला तर काय करायचं. तिथे तीनपैकी एक लिहायचं. वाफ बंद करून भोंगा वाजव. नुसता भोंगा वाजव. किंवा, शेवटचा आकडा धरून ठेव. हा तिसरा पर्याय मी पाण्याच्या टाकीसाठी ठेवला होता, जिथे चार मिनिटं आकडा हलला नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. तक्ता चिपमध्ये भरला की पॅनल तेवढंच जाणतं. त्याला दुसरी अक्कल नाही.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या रिअॅक्टरला — म्हणजे वाफेने माल तापवायच्या बंद भांड्याला — मी पहिला पर्याय लिहिला होता. बरोबर होता तो. पण तिथल्या हवेत वायरचे जोड गंजायचे, क्षणभर संपर्क तुटायचा, की वाफ बंद आणि भोंगा सुरू. दिवसातून सहा-सात वेळा. प्लँट मॅनेजर कामगारांसमोर मला म्हणाला, "शेठ, मशीन दिलीत का वरातीचा बँड? हा आवाज थांबला तर सही, नाहीतर पॅनल टेम्पोत घाला."

माझं डोकं सणकलं. जोड नीट बंदिस्त करायला आठ दिवस लागले असते — मागितले असते तर मिळालेही असते बहुतेक. पण त्याच्यापुढे आठ दिवस मागायचे? मी? पेणला येऊन शेवटच्या रकान्यात लिहिलं — शेवटचा आकडा धरून ठेव. दुसऱ्या दिवशी नवी चिप बसवली. भोंगा गप्प. मॅनेजरने सही केली. मी जिंकलो, असं वाटलं मला.

नामदेव त्या रिअॅक्टरवरचा ऑपरेटर. कोलाडकडचा, भातशेती करून शिफ्टला येणारा. दर अर्ध्या तासाने पॅनलवरचा आकडा वहीत लिहायचा. तापमान पंच्याऐंशीला गेलं की पॅनलने आपणहून वाफ बंद करायची. त्या दुपारी ब्याऐंशीवर असताना जोड तुटला, तो तुटलाच. पॅनलने ब्याऐंशी धरून ठेवलं. पंच्याऐंशी कधी आलंच नाही, म्हणून वाफ चालूच राहिली. नामदेवला वाटलं, आज बॉयलरचा दाब कमी असेल, म्हणून आकडा चढत नाही. त्याने ब्याऐंशी लिहिलं. परत ब्याऐंशी. असं पाच वेळा. मग झाकणाच्या कडेने उकळता माल उसळला, आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीत वही निघाली. तिथे काही जण चहा पीत बसून तासांचे आकडे एकदम भरायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजर म्हणाला, "पाच वेळा एकच आकडा? पाट्या टाकल्यात याने." मग माझ्याकडे वळला — "शेठ, पॅनल?"

मला कळलं होतं. वही बघताक्षणीच. पाच वेळा ब्याऐंशी — त्या खोलीत तेवढंच एक खरं होतं.

"पॅनल बरोबर आहे," मी म्हणालो.

नामदेवला काढलं. पुढच्या सहा पॅनलचं काम मला मिळालं.

वर्षभराने कोलाडच्या नाक्यावर तो भेटला. चहाचा ग्लास डाव्या हातात. आवाजात राग नव्हता, तेच सोसवत नाही. म्हणाला, "शेठ, एक सांगा. तुमची मशीन कधी चुकते काय? मी तर दिसलं तेच लिवलं. घरची बी म्हनते, तूच झोपला असशील. आता मलाच कधी कधी वाटतं, डुलकी लागली व्हती काय?"

त्याला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता. एक शब्द पुरे होता. एकच.

"नाय रे," मी म्हणालो, "मशीन नाय चुकत." आणि त्याच्या चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला. त्याने देऊ दिले नाहीत.

इतकी वर्षं मी त्या मॅनेजरला शिव्या घालत आलो. त्याने घाई केली, त्याने चारचौघांत अपमान केला, जाब त्याला विचारा — हे मनात इतक्यांदा घोळवलं की खरं वाटू लागलं. पण तो शेवटचा रकाना त्याने कधी पाहिला होता? असा रकाना असतो हे तरी त्याला माहीत होतं का? पॅनल उघडून बघा म्हणाला नाही, ही चूक त्याची. पण मला उघडायची गरज नव्हती. मला आत काय आहे ते पाठ होतं.

दोन्ही तक्ते माझ्या कपाटात आहेत, आधीचा आणि नंतरचा. शेवटचा रकाना सोडला तर सगळं सारखं. अक्षर माझंच. मी ते फाडले नाहीत — का, ते मला सांगता येत नाही.

नामदेवची वही खरी होती. तिला खोटी म्हणणाऱ्या त्या खोलीतल्या प्रत्येकाने उभं राहून उत्तर द्यावं. कंपनीने द्यावं, मॅनेजरने द्यावं. पण त्यांच्याआधी, कोलाडला, त्याच्या दारात, त्याच्या घरच्यांसमोर — मी द्यावं.