नवा कॉम्प्युटर मी जुना करून घेतला

मंगळवारी दुपारी देगलूरहून फोन आला. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा, विलासचा. म्हणाला, "वहिनी, मावशी बरी हाय ना? खरं सांगा. आई सकाळपासून रडून राहिली."

सासूबाई तर माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होत्या. मला काही कळेना... मग त्याने फोटो पाठवला. सासूबाईंनी त्याच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, लिहिलेलं पत्र. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, मध्ये कंस, मध्ये टिंबं. एक शब्द लागेल तर शपथ. ते बघून मावशींनी मनाशी धरलं, की बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मावशींना अजिबात ऐकू येत नाही. फोन त्यांच्या कामाचा नाही. इकडे सासूबाईंची नजर गेलेली... माणूस चालीवरून ओळखतात, अक्षर दिसत नाही. पण औशाला कचेरीत त्यांनी तीस वर्षं मराठी टायपिंग केलंय. कीबोर्डवर बोटं ठेवली की त्यांना बघावं लागत नाही.

दर रविवारी एक पत्र. मी कोरं पान उघडून देते, त्या टाइप करून छापतात, आणि मी घडी घालून पाकिटात टाकते. न बघता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलंय.

म्हणजे ते पानभर इंग्रजी मीच घडी घालून पाठवलं होतं.

नव्या कॉम्प्युटरचा हट्टही माझाच. जुना फार घरघर करायचा. आमच्या लातूरच्याच एका दुकानातून नवा घेतला, जुना बदल्यात देऊन टाकला. जुन्यातलं सगळं यात टाकून दिलंय, असं दुकानदार म्हणाला होता. सासूबाईंचं टायपिंगचं सॉफ्टवेअर या नव्या सिस्टिमवर चालतच नाही, एवढंच सांगायचं राहिलं त्याचं.

सासूबाई ठणठणीत आहेत, असं विलासला सांगितलं. पण झालेलं सासूबाईंना सांगावंच लागलं. हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे तिला वाटलं असंल, मी गेले कामातून," म्हणाल्या.

मी तशीच दुकानात गेले. जुनी सिस्टिम परत बसवून द्या म्हटलं तर तो हसला. जुनी बसवली तर वॉरंटीचं आमच्याकडे येऊ नका म्हणे. आणि वर सल्ला... आजींना बोलून टाइप करायला लावा ताई, आता सगळे तेच करतात.

हे आम्ही सुचवून बघितलं होतं हो. सासूबाईंनी एका वाक्यात नाही म्हटलं होतं. "बोलून लिव्हायचं म्हंजे तुमी समदे ऐकणार की." तेव्हा मी हसले होते. आता हसू आलं नाही.

माझा राग एकट्या त्या दुकानदारावर नाही. हा कॉम्प्युटर रोज मला विचारतो, अपडेट आत्ता करू की नंतर? 'नको' असं बटणच नाही. एका बाईची तीस वर्षांची बोटं तुम्ही एका दिवसात निकामी करता, आणि वर खिडकी उघडून म्हणता, स्वागत आहे! ती खिडकी तिला दिसतसुद्धा नाही. कोणाला विचारून हे बदलता? आणि ज्यांना बदलता येत नाही, त्यांनी काय करायचं?

शेवटी टायपिंग इन्स्टिट्यूटवाले जाधव सर आठवले. त्यांच्याकडे दोन मशीन अजून जुन्या सिस्टिमवरच चालतात, आणि ते सॉफ्टवेअरही आहे. कॉम्प्युटर रिक्षात घालून नेला. फोनवरचा तो फोटोही दाखवला, बघा काय झालंय म्हणून.

सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, टायपिंगमध्ये काय बी चूक न्हाई. बोटं बरोबर पडलीत, मशीनला मराठी कळली न्हाई." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून पहिली ओळ चक्क वाचली... प्रिय शांतू, अनेक आशीर्वाद. दुसऱ्या ओळीवर मात्र थांबले. फोन माझ्याकडे दिला. म्हणाले, पुढचं घरचं आहे, तुमचं तुम्ही बघा.

दोन तास लागले. नवी सिस्टिम पुसली, जुनी टाकली. जुन्या सिस्टिमला आता कुणी वाली नाही, इंटरनेट जोडू नका, एवढं त्यांनी बजावलं. मग त्यांनी पुसण्याआधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवलेलं ते पत्र जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, आणि त्या कंस-टिंबांतून सगळं पान मराठीत उभं राहिलं. एक काना इकडचा तिकडे नाही.

घरी आल्यावर मावशींसाठी ते पुन्हा छापायला घेतलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंचं पत्र वाचलं.

तुरीला फुलं आली, गुडघा दुखतो, असं बरंच होतं. मग खाली...

"सुनेनं नवा कॉम्पुटर आणलाय. मला त्याचं काही उमगत नाही. टायपताना मधीच टुंग वाजतं, बोटं थबकतात. पण लेकरानं हौसेनं आणलाय, म्हणून चांगला आहे म्हणते. तुझ्याजवळ म्हणून बोलले. तिला कळू देऊ नको."

दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण आठ दिवस त्या माझ्यासमोर बसून चांगला आहे म्हणत होत्या, आणि मी खूश होते... त्या स्वतःवरच्या रागाला तर जागाच नाही कुठे.

मी वाचलं, हे त्यांना सांगितलं नाही. विलासने पत्र मिळाल्याचं कळवलं. मावशींनी ते तीनदा वाचलं म्हणे, आणि मग पोटभर जेवल्या.

काल रविवार होता. खोलीतून बोटांचा तो खडखडाट ऐकू आला, न थांबता. घडी घालताना पहिली ओळ मराठीत आहे, तेवढं बघितलं. मग मान वळवून घडी घातली.