काकूंची कवळी

आयसीयूत एकोणीस वर्षं काढली की सिस्टरला थोडा माज येतो. मला आहे. मुलुंडच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी दम देते: हात लावायच्या आधी पेशंटशी बोलायचं, तो शुद्धीत असो नसो, आणि कुणालाही 'बेड चार' म्हणायचं नाही. मुली माझ्या मागे माझी नक्कल करतात. करू देत.

त्या काकू निवृत्त मुख्याध्यापिका. न्यूमोनियाने आल्या आणि आठवडाभर व्हेंटिलेटरवर होत्या. नळी निघाली, ताप उतरला, रिपोर्ट सुधारले, पण बाई काही सुधारेनात. जेवत नव्हत्या, बोलत नव्हत्या. संध्याकाळी काका भेटायला आले की भिंतीकडे तोंड फिरवायच्या. काका पाच मिनिटं त्यांच्या पाठीशी बोलून निघून जायचे. "त्यांनी जगायचं सोडून दिलंय," डॉक्टर म्हणाले. असाच अशक्तपणा वाढला तर नळी परत घालावी लागणार होती, आणि ती पुन्हा निघेल याची खात्री कुणी देत नव्हतं.

नळी निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड साफ करायला गेले, तर त्यांनी हाताने तोंड झाकलं. आधीचे दोन दिवस मी तो हात घाईघाईत बाजूला केला होता. त्या दिवशी थांबले.

"काकू, तुम्ही कवळी वापरता का?"

त्यांनी डोळे मिटले. कडांतून पाणी आलं.

अ‍ॅडमिशनच्या वेळी बांगड्या, मंगळसूत्र आणि कवळी आमच्याच स्टाफने काढून त्यांच्या मुलाच्या हवाली केली होती. नियमच आहे तो. मी मुलाला फोन लावला.

"कपाटात आहे सिस्टर, दागिन्यांबरोबर. एकदम सेफ."

"सेफ ठेवून काय करू रे? कपाटात बसून जेवणार आहे का तुझी आई? आत्ता घेऊन ये."

डॉक्टरांना विचारून कवळी बसवली, केस विंचरले आणि माझा मोबाईल आरशासारखा समोर धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. संध्याकाळी काका आले तेव्हा काकूंचं तोंड दाराकडे होतं.

"दाढी का नाही केली?" त्यांनी विचारलं.

काका रडायलाच लागले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बारा वर्षांत हिने मला दातांशिवाय तोंड दाखवलेलं नाही हो. माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्या दिवशी काकूंनी वाटीभर मऊ भात खाल्ला. मला इतका अभिमान वाटला की घरी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी त्यांना वॉर्डात हलवताना त्यांनी स्ट्रेचरवरून मला बोटाने जवळ बोलावलं. आभार मानणार असतील म्हणून मी नम्र चेहरा करून वाकले.

"पलीकडच्या आजींकडे चष्मा नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "कोण आलंय ते दिसत नाही त्यांना, म्हणून येईल त्याच्याकडे बघून हसतात."

त्या आजी स्वभावानेच किती हसऱ्या आहेत, हे मी मुलींना दोन दिवस कौतुकाने सांगत होते. मी त्याच पावली जाऊन आजींच्या मुलीला फोन लावला.