चोकखालची जागा

मर्क्युरीचा दिवा थेट विजेवर लावता येत नाही, मध्ये चोक लागतो. तारेची गुंडाळी, लोखंडी पत्रे आणि वरून ओतलेलं डांबर असा तो जड ठोकळा. दिव्याला झेपेल तेवढीच वीज सोडणं हे त्याचं काम. सत्तरच्या दशकात जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी वायरमन म्हणून लागलो, तेव्हा हे सगळं मला तोंडपाठ होतं. आमच्या वस्तीत आयटीआय केलेला मी पहिलाच. घरी अजून वीज आली नव्हती, पण माझा तोरा काय विचारता!

त्याच जिनिंगच्या आवारात माझी माय कापूस निवडायला होती. बदनापूरहून आम्ही दोघं सकाळच्या पॅसेंजरनं यायचो आणि रात्री परतीची गाडी धरायचो. मी रोजंदारीवर होतो. महिनाअखेर साहेब मला कायम करणार होते. घरात दुसरा विषयच नव्हता.

आवारातला नवा दिवा लावायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. चोकला वायर जोडायला तीन टोकं होती: दोनशे, दोनशे वीस आणि दोनशे चाळीस व्होल्टची. जागेवर विजेचा जेवढा दाब, त्या टोकाला वायर जोडायची. कोणी जुना वायरमन असता तर डोळे झाकून दोनशे चाळीसला जोडून मोकळा झाला असता. पण मी पडलो शिकलेला. मीटर लावून मोजलं. भर दुपार, सगळ्या मशिनी धडधडत होत्या, दाब जेमतेम दोनशे भरला. मी दोनशेच्या टोकाला वायर जोडली, दिव्यालगतची चोकची पेटी बंद केली आणि ऐटीत शिडी उतरलो.

संध्याकाळी मशिनी थांबल्या की दाब वर चढतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दिवा लागला आणि आवार लख्ख झालं. साहेबांनी पाठ थोपटली. माय तर हरखूनच गेली. सगळ्या बायांना हाका मारून तिनं बरोबर दिव्याखाली बसवलं. "माझ्या लेकानं लावला. इथं या गं, किडका कापूस बराबर दिसून राह्यला." मीही छाती फुगवून वर पाहिलं, तर चोकची घरघर ऐकू आली. नको इतकी मोठी होती ती. मी गुपचूप खालच्या बटणापाशी मीटर लावला. काटा दोनशे चाळीसच्याही पुढे.

दोनशेच्या टोकाला एवढा दाब म्हणजे झेपेल त्याहून जास्त वीज. चोक भाजून निघणार, डांबर वितळणार आणि कढत थेंब खाली पडणार. गुंडाळी जळून ठिणगी उडाली तर मग बोलायलाच नको. खाली कोरडा कापूस आणि त्यात मांडी घालून बसलेल्या बाया.

टोक बदलणं दहा मिनिटांचं काम. पण शिडी साहेबांच्या कुलपात. शिडी मागितली की कशाला ते सांगावं लागणार, आणि कायम होणं बोंबलणार. मी मनाची समजूत घातली, महिना काढेल चोक. महिना संपला की काहीतरी निमित्त काढून बदलू.

मायला मात्र मी सांगून पाहिलं, "माय, शेडमधी बस ना. हा उजेड डोळ्याला वाईट असतो."

"काही वाईट न्हाई. इतकं साफ तर दिवसा बी दिसत न्हाई."

दुसऱ्या संध्याकाळी पाणी आणायला पाठवली, तर ती तांब्या भरून परत तिथंच. रात्री मला झोप येईना. तिसऱ्या संध्याकाळी डांबराचा वास येऊ लागला. "तुला शेडमधी निवडायला सांगितलंय साहेबानं," अशी थाप मारून मी तिला उठवली. ती गेली आणि मला हायसं वाटलं.

थोड्याच वेळात एक बाई किंचाळली. तिच्या मनगटावर काळा थेंब पडला होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं. अंधारात बाया ढिगावरून धडपडत उठल्या. साहेब बॅटरी घेऊन आले. मागोमाग मायही आली.

"कोणी बंद केला?"

"मी, साहेब. चोक चुकीच्या टोकाला जोडलाय. दाब दुपारी मोजला होता."

"कधी कळलं?"

"आत्ताच."

साहेबांनी बॅटरीचा झोत चोकवर मारला. "सकाळी दुरुस्त कर. तुला कायम करायचं पुढच्या हंगामाला बघू."

 परतीच्या गाडीत माय म्हणाली, "तुला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

"व्हय," मी म्हणालो.

"म्हणून मला उठवत व्हतास."

"मंग काय करू, माय? तुला काही झालं असतं म्हंजे?"

"त्या समद्यांला मीच हाका मारून बसवलं रे," ती म्हणाली, "आन तू एकट्या मलाच उठवलं."



सकाळी मी शिडी लावून वायर दोनशे चाळीसच्या टोकाला जोडली. खाली ती भाजलेली बाई हाताला फडकं बांधून बसली होती, आणि माय तिच्या वाटणीचा कापूस निवडत होती. मायनं एकदाही वर पाहिलं नाही.