अंबुअक्कांचा एका मिनिटाचा निरोप

अंबुबाईंना नुसतं ‘बाई’ म्हणून हाक मारलेली बंगळूरात कुणी ऐकली नसेल. नगरथपेठेतल्या गलाईवाल्यांच्या घराघरांत त्या अक्का होत्या, लहानांच्याही आणि थोरांच्याही. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवायचे, ॲसिडात घालायचे आणि चोख सोनं वेगळं काढायचं. हे काम करणारी माणसं सगळी विटा-खानापूरकडची, सांगली जिल्ह्यातली. इथं दोन-दोन पिढ्या काढल्या, कानडी फाडफाड बोलतात, पण कानडी कागद हातात आला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. अक्का पडल्या सीमेवरच्या चिक्कोडीच्या. घरात मराठी, शाळेत कानडी, आणि वर मल्लेश्वरमच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स. मग काय विचारता! औषधाच्या चिठ्ठीपासून शाळेच्या नोटिशीपर्यंत जे येईल ते अक्कांच्या पुढ्यात.

निवृत्त झाल्या, नवरा गेला, तरी फोन काही थांबला नाही. सकाळी सातला सुरू. “अक्का, पोराच्या अंगावर पुरळ आलंय.” “अक्का, शुगर दोनशे दहा म्हंजे लई झाली का?” अक्का आधी झाडायच्या. “दोनशे दहा होईपर्यंत झोपला होतास काय रे? जिलेबी खाताना नाही आठवली अक्का!” आणि झाडून झालं की नीट सांगायच्या, कुठं जायचं, कुणाला भेटायचं, काय विचारायचं. माणसं शेवटी कानडी वळणानं म्हणायची, “सरी अक्का, तुमी म्हणाल तसं.” हे शब्द अक्कांना फार आवडायचे. खोटं कशाला बोला, त्यांचा दिवस त्या शब्दांवर जायचा.

मग ते दोन हजार वीस साल आलं. कुणाला फोन लावावा तर आधी खोकल्याचा आवाज, मग सूचना, आणि मग कुठं माणूस. जुलैत बंगळूरात आकडे असे वाढले की पेपर उघडायची भीती वाटू लागली. गल्लीत एक रुग्ण निघाला की लोक पत्रे ठोकून वाट बंद करत. त्यात सोन्याचा भाव चढलेला, जो तो दागिने मोडायला काढत होता, म्हणजे भट्ट्या पेटलेल्या आणि ॲसिडचा धूर दिवसभर. गलाईवाल्याची छाती तशीही जळतच असते. धूर जास्त झाला की गुळाचा खडा तोंडात टाकतात, दोन दिवस काढतात, नाहीच थांबलं तर दवाखाना. आता त्याच दवाखान्यात रोग भरलेला.

अशात वॉर्डातून कानडीत पत्रक आलं. वर ठसठशीत अक्षरात होतं की किरकोळ तक्रारींसाठी दवाखान्यात येऊ नका, घरीच थांबा. खाली बारीक अक्षरात दहा-बारा ओळी होत्या. छातीत दुखलं, धाप लागली, शुद्ध हरपली, हातापायातलं बळ गेलं, तर क्षणभर न थांबता या. गलाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रक पडलं आणि लगेच सूर्यकांतचा फोन आला. हा सूर्यकांत म्हणजे ग्रुपचा कारभारी. पन्नाशीला टेकलेला, हसरा, कुणाच्याही अडल्या कामाला धावणारा. “अक्का, आमच्या मराठीत बोलून टाका की. तुमचा आवाज आला म्हंजे माणसं ऐकत्यात.”

अक्कांनी सगळं पत्रक मराठीत सांगितलं. चार मिनिटं झाली. सूर्यकांत म्हणाला, “अवो अक्का, एवढं कीर्तन कोण ऐकतंय? मिनिटभरात बसवा.”

अक्का कागद घेऊन बसल्या. काय काढावं? छातीत दुखलं तर दवाखाना गाठायचा, हे काय सांगायची गोष्ट आहे? शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी खालच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. आणि नुसतं वाचून दाखवलं तर त्या अक्का कसल्या! आपल्या माणसांची खोड त्यांना ठाऊक होती, म्हणून एक गोष्ट त्यांनी पदरची घातली.

“मंडळी, अंबुअक्का बोलतेय. कान देऊन ऐका. दवाखान्यात आता औषध कमी आणि रोग जास्त. सर्दी, पडसं, अंगदुखी, धुरानं छाती जळणं, असल्या गोष्टींसाठी दवाखान्याची पायरी चढायची नाही. घरी पडून राहा, कोमट पाणी घ्या. उगाच गेलात आणि घरच्यांसाठी रोग घेऊन आलात तर माझ्याशी गाठ आहे. माझी शपथ आहे तुम्हाला.”

अठ्ठावन्न सेकंद. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. गलाईची माणसं देशभर पांगलेली, त्यामुळे निरोप कोइमतूरला गेला, मदुराईला गेला, कोलकात्याला गेला. अक्कांना चार दिवस मोठं बरं वाटलं.

ऑगस्टातला मंगळवार. दुपारी बारा वाजले असतील. सूर्यकांतची बायको संध्या, तिचा फोन. “अक्का, काढ्यात गूळ घालावा का मध?”

“कुणाला काढा?”

“ह्यांना. रविवारपासनं छाती धरून बसल्यात. धूर लई झाला म्हंत्यात. गूळ खाऊन बी उतरंना.”

अक्कांनी विचारलं, “घाम येतोय का गं?”

“येतोय की. रविवारी तर बनियन पिळून काढलं.”

“हात?”

“डावा हात दुखतोय म्हंत्यात. दिवसभर सांडशी धरत्यात न्हवं त्या हातात.”

चौतीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? “संध्या, तो धूर नाही. हृदय आहे ते. आत्ता, या मिनिटाला त्याला दवाखान्यात ने.”

फोन सूर्यकांतनं घेतला. आवाज खोल गेलेला, तरी हसायचा प्रयत्न चालू. “अक्का, तुमीच म्हणाला न्हवं, धुरानं छाती जळली तर जायचं न्हाई? शपथ घातलीया. आता तुमीच मोडाय लावताय व्हय?”

“मोडली शपथ! खड्ड्यात गेली ती शपथ! ऊठ आधी.”

“आन् रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? गल्लीला पत्रं ठोकतील. अकरा भट्ट्या हाईत ह्या गल्लीत, अक्का. माज्यापायी अकरा घरं उपाशी. दोन दीस बघू की.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. अक्कांनी मास्क चढवला, पर्स उचलली आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. वय सहासष्ट, साखर आणि रक्तदाब दोन्ही. महिनोन्‌महिने उंबऱ्याबाहेर न पडलेली बाई. “बेगा होगप्पा,” एवढंच त्या रिक्षावाल्याला म्हणत राहिल्या, लवकर चल रे बाबा. सगळ्या वाटेत एकच विचार. रविवार, सोमवार, मंगळवार. हृदयविकाराचा झटका आला तर तास मोजायचे असतात, आणि इथं तिसरा दिवस उजाडलाय.

अरुंद जिन्याच्या वर, भट्टीच्या मागच्या खोलीत सूर्यकांत भिंतीला टेकून बसला होता. ओठ काळसर पडलेले. अक्कांना बघून त्यानं उठायची धडपड केली. “तुमी कशाला आलासा ह्या रोगराईत?” अक्कांनी शेजारच्या भट्टीवरच्या दोघांना हाका मारल्या, खुर्चीत बसवून त्याला खाली उतरवलं. संध्या चप्पल न घालताच रिक्षात चढली. त्यांची पोरगी स्वानंदी, बारा वर्षांची, दारात उभी राहून बघत होती.

पहिल्या दवाखान्याच्या फाटकावर सांगितलं की आधी करोनाचा रिपोर्ट दाखवा. अक्कांनी कानडीत असा काही तोंडाचा पट्टा सोडला की आतून एक डॉक्टर धावत आले, पण त्यांच्याकडे हृदयाची सोय नव्हती. दुसऱ्या ठिकाणी घेतलं. तरुण डॉक्टरीण बाई होत्या, नखशिखांत प्लास्टिकमध्ये. ईसीजीची पट्टी बघून इंग्रजीत म्हणाल्या, “हे रविवारचं आहे. रविवारीच का नाही आणलं?”

संध्यानं अक्कांकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं, नेहमीसारखं, डॉक्टर काय म्हणाल्या ते अक्का आता मराठीत सांगतील म्हणून. आणि अक्कांना ते सांगता येईना. चौतीस वर्षं लोकांना नको नको ते सांगितलं, पण हे एक वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना.

बाकावर बसल्या-बसल्या त्यांच्या मनात आलं, मिनिटभराचं करा असं तर तोच म्हणाला होता. आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. माणूस आत मरणाशी झुंजतोय आणि आपण त्याच्यावर ढकलतोय! त्यानं लहान करा म्हटलं होतं, काय काढायचं ते मी ठरवलं. धुराची गोष्ट मी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाकावर अक्का हमसून हमसून रडल्या, आणि मास्क ओला झाला तरी काढायची सोय नव्हती.

बुधवारी सकाळी दहाला सूर्यकांत गेला. अकराला त्याचा करोनाचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. त्यामुळे अंत्यविधी घरच्यांना करता आला, एवढंच काय ते समाधान, असं लोक म्हणाले. लोक काहीही म्हणतात.

अक्कांना वाटत होतं, आता कुणीतरी तोंडावर बोलेल. संध्या बोलेल, तिचा दीर बोलेल, गल्लीतलं कुणीतरी बोट दाखवेल. तसं झालं असतं तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, कदाचित थोडं हलकंही वाटलं असतं. पण कुणी चकार शब्द काढला नाही. उलट जो तो म्हणायचा, “अक्का, तुमी होता म्हणून दवाखान्यापत्तूर तरी गेला.” हे ऐकलं की अक्का तिथून उठून जायच्या.

चौथ्या दिवशी त्यांनी नवा निरोप केला. या खेपेला काही वगळलं नाही. छातीत दुखलं, धाप लागली, घाम फुटला, तर धूर म्हणून बसू नका, उठा आणि जा, आधीचं माझं बोलणं चुकीचं होतं, माझी चूक झाली. पाच मिनिटांचा झाला. हात जोडलेली चित्रं याही खेपेला आली, पण किती जणांनी शेवटपर्यंत ऐकला देव जाणे. आणि आठवड्यानं कोइमतूरहून एका ओळखीच्या बाईनं मोठ्या कौतुकानं अक्कांनाच एक निरोप पाठवला, “ऐका, किती छान सांगितलंय.” अठ्ठावन्न सेकंदांचा. अक्कांनी तिला फोन करून समजावलं, पुढं कुणाकुणाला पाठवलास ते विचारलं, त्या सगळ्यांना फोन केले. त्यांनी पुढं पाठवलेल्यांचे नंबर मागितले. वहीची चार पानं भरली, आणि पाचव्या पानावर मदुराई सुरू झालं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. आपलाच आवाज गावोगाव फिरतोय आणि त्याला परत बोलावता येत नाही, याच्याइतकं हतबल त्यांना नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

सूर्यकांतचा महिना होत आला होता. सकाळी साडेआठला संध्याचा फोन आला.

“अक्का, स्वानंदीच्या पोटात कालपासनं दुखतंय. उजव्या बाजूला. दोनदा उलटी झाली. दवाखान्यात न्यावं का घरीच बघावं? तुमी म्हणाल तसं.”

मला नको विचारूस गं बाई, एवढं अक्कांच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण पोरीचं पोट त्यांच्या मनस्तापासाठी थांबणार नव्हतं.

“ने. आत्ता ने. चप्पल घाल, पोरीला घे आणि नीघ. मी तिकडंच येते.”

“सरी अक्का.” संध्या थांबली. फोन ठेवला नाही. मग हळूच म्हणाली, “एक बोलू का? त्या रविवारी बी मी तुमाला फोन लावाय घेतला हुता. ह्यांनीच हातातनं काढून घेतला. म्हणालं, अक्कांनी एकदा सांगितलंय की आपल्याला, परत परत कशाला त्रास द्यायचा.”

अक्कांनी एका हातानं मास्क चढवला.

“अक्का? ऐकताय न्हवं?”

“ऐकतेय,” अक्का म्हणाल्या. “नीघ तू. आणि संध्या, वाटेत काही झालं तर फोन कर. किती वेळा का होईना, कर.”