धोंडी हे नाव कोणी फोडलं

गोदूच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने तिला जन्मल्याबरोबर धोंडी म्हणायला सुरुवात केली. धोंड्याकडे कोण वाकडा डोळा करून बघणार, असा म्हातारीचा हिशेब. गोदू जगली, आणि लग्न झाल्यावर ते नाव तिने माहेरीच ठेवलं. सासरी ते एकीलाच ठाऊक होतं. धाकट्या नणंदेला, केसरला.

केसरला नवऱ्याने टाकलेलं. ती भावाच्या घरी परत आली, तेव्हा गाव म्हणालं, आता बघा रोज भांडी आपटतील. गावाची निराशा झाली. अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला बसून दोघी पांढऱ्या कांद्याच्या माळा विणायच्या आणि विकायच्या. बोलणं तर इतकं की गोदूचा नवरा रामचंद्र म्हणायचा, "दोघींच्या तोंडालाबी एकेक गाठ मारा."

कांद्याचे साठलेले पैसे गोदूने एका फायनान्स कंपनीत ठेवले. घराची कौलं बदलायची होती. मोबाइलवरचा अर्ज केसरने भरला. त्यात ओळख पटवायला एक खूण मागितली होती, दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल असं नाव. गोदू हसत म्हणाली, "टाक, धोंडी."

दिवाळीच्या तोंडावर कंपनीच्या नावाने फोन आला. गोदू काही भोळी नव्हती. असल्या फोनवाल्यांचा ती सात पिढ्यांसकट उद्धार करायची. पण हा माणूस अदबीने म्हणाला, "धोंडी हे नाव दिलंय ना तुम्ही?" तिथे गोदू फसली. घरचं नाव घेणारा माणूस परका असत नाही, हेच ती जन्मभर शिकली होती. मोबाइलवर आलेला आकडा तिने सांगून टाकला आणि संध्याकाळच्या आत ठेव गेली.

तिने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "आमच्याकडून काही बाहेर जात नाही. तुमच्याच घरातल्या कोणीतरी सांगितलं असेल."

घरातलं कोण? दुःखात माणूस बोट दाखवायला कोणीतरी शोधतो, आणि हात पोचतो तो जवळच्यावरच.

"केसर, खरं सांग. कोनाला बोललीस?"

"कोनालाच न्हाय, वयनी. आयची शपथ."

"मंग काय वाऱ्यानं सांगितलं त्याला?"

केसरने भावाकडे पाहिलं. रामचंद्र खाली मान घालून जेवत राहिला. सकाळच्या एसटीने केसर मुरुडला गेली, तिथल्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. टाकलेल्या बाईला दुसऱ्यांदा टाकायला फार काही लागत नाही. जेवताना मान वर केली नाही, एवढ्यानेच भागतं.

होळीच्या सुमारास कंपनीचा मेसेज आला. काही ग्राहकांची माहिती चोरीला गेली असण्याची शक्यता आहे, क्षमस्व. गोदूने तो गावातल्या प्रज्योत वकिलाला दाखवला. त्याने चौकशी केली आणि त्याचं डोकंच फिरलं. "काकी, चोरी गणपतीत झालीय. कंपनीला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला लगेच सांगायला पाहिजे होतं, तो तुमचा हक्क होता. सांगितलं असतं तर फोनवाल्याला तुम्ही फसलाच नसता."

गोदूच्या मनात वेगळंच आलं. सांगितलं असतं, तर केसर घरात असती.

तिने तेव्हाच मुरुडची गाडी धरायला हवी होती. पण मेसेजात 'शक्यता' लिहिलेलं. नुसत्या शक्यतेवर कोणत्या तोंडाने जायचं? खरी गोष्ट अशी की तिला लाज वाटत होती, आणि लाजेला तिने पुराव्याचं नाव दिलं. अलिबागच्या ग्राहक आयोगात तक्रार झाली. तारखांवर तारखा पडल्या. मध्ये कंपनीने पैसे देऊ केले, पण चूक कबूल न करता. गोदू म्हणाली, "पैसं ऱ्हाऊ दे. नाव त्यांच्याकडनं फुटलं, येवढं लिवून द्या म्हनावं." प्रज्योतने कपाळाला हात लावला, पण तो लढला.

अखेर निकाल लागला. ग्राहकाची माहिती कंपनीकडूनच फुटली आणि कंपनीने ते लपवलं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पैसेही परत मिळणार होते. त्याच दुपारी गोदू कागद घेऊन मुरुडला पोचली.

केसर मागच्या दारी मासे साफ करत होती. वाळली होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, होळीच्या मेसेजच्या तारखेसकट. गोदूला रडू आवरेना.

"चुकले गं मी. चल घरी."

"होळीला कळलं व्हतं तुला?"

"व्हय. पन हातात काय नव्हतं माज्या. आता त्यांनी लिवून दिलंय बघ."

केसरने कागद नीट घडी करून तिच्या हातात दिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर गोदूला बरं वाटलं असतं.

"त्यांनी लिवून दिलं तवा तुला खरं वाटलं, वयनी. मी तर तुज्यासमोर उभी व्हते."

गोदू तिथेच पायरीवर बसली. केसर आत गेली, कप घेऊन आली आणि तिच्यापुढे ठेवला.

"च्या पी. रेवदंड्याची गाडी सुटंल मंग."